मी रोबोट नाय रे बाबा! शॉपिंगच्या लॉगिनला अडकलात तर काय करायचं

गोव्यात डिचोलीला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं म्हणजे फॉर्म भरणं, लाईटचं बिल, तिकिटं असली सगळी कामं, आणि गेली दोनतीन वर्षं त्यात एक नवीन काम वाढलंय ते म्हणजे "जरा लॉगिन करून दे". चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की तर लाईनच लागते. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्याचं) सामान बाजारात मिळतं पण मखराच्या लाईटी, मिक्सर, मुलांचे कपडे हे सगळं लोकांना आता मोबाईलवर पाहिजे.

परवा दुकान बंद करायच्या वेळेला एक काकी आल्या. चष्मा कपाळावर, मोबाईल हातात, आणि तोंडावर राग. "बघ रे जरा, हे मला रोबोट म्हणतंय." स्क्रीनवर नऊ फोटो आणि वर लिहिलेलं की पाम ट्री असलेले फोटो निवडा. काकींनी म्हणे सात वेळा निवडले आणि सातही वेळा नवीन फोटो आले. बाजूला उभा राहून बघितलं तर त्या प्रत्येक फोटोवर विचार करत होत्या, हा माड, ही पोफळ, हा भेडलामाड, मग ह्यातला पाम कुठला? आता खरं बघायला गेलं तर माड, पोफळ, ताड, भेडलामाड सगळे एकाच कुळातले, सगळे पामच. कुळागरात जन्म काढलेल्या बाईला झाडांची परीक्षा घ्यायची आणि वर नापास करायचं म्हणजे कमालच.

पण मी फोटोंना हातच लावला नाही. मी बघितलं वरच्या पट्टीत, जिथे बॅटरी आणि टॉवर दिसतो तिथे, आणि तिथे चावीचं छोटं चिन्ह होतं. म्हणजे व्हीपीएन चालू, आपण कुठून नेट वापरतोय ते लपवून भलतीच जागा दाखवणारं ॲप. नातवाने कुठल्यातरी गेमसाठी फुकटचा व्हीपीएन टाकून ठेवलेला. तो बंद केला, पान परत उघडलं, चौकोनात एक टिक मारली आणि काकी आत. फोटो आलेच नाहीत.

तर मला सांगायचं ते एवढंच आहे की हे चित्रांचं प्रकरण अडलं की लोक चित्रांशीच भांडत बसतात, आणि घोळ बहुतेक वेळा चित्रांत नसतो. तुम्ही कुठून आलात, कशावरून आलात, तुमचा ब्राऊझर कसा दिसतोय, ह्याच्यावर समोरची सिस्टीम आधीच मनात काहीतरी ठरवून बसलेली असते. संशय असला की चित्रं जास्त, नसला की नुसती टिक, आणि कधी कधी टिकसुद्धा नाही.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्याला कॅप्चा म्हणतात. नाव अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम वगैरे मंडळींनी दिलं, अर्थ असा की माणूस कोण आणि मशीन कोण हे ओळखायची आपोआप चालणारी परीक्षा. मग २००७ मध्ये त्याच फॉन आनच्या डोक्यातून रीकॅप्चा निघालं, त्यात लोकांकडून वाकडीतिकडी अक्षरं टाईप करून घ्यायची आणि त्यातूनच जुन्या छापील पेपरांची, पुस्तकांची स्कॅन केलेली पानं वाचून घ्यायची, म्हणजे तुम्ही लॉगिन करताय असं वाटायचं पण खरं तर तुम्ही फुकटात टायपिंगचं काम करत होता. २००९ ला ते गूगलने घेतलं. २०१४ च्या डिसेंबरपासून ती "मी रोबोट नाही" वाली टिक आली, आणि २०१८ ला असा प्रकार आला की समोर काहीच दिसत नाही, मागच्या मागे तुम्हाला ०.० ते १.० मध्ये मार्क दिले जातात. १.० च्या जवळ म्हणजे माणूस वाटतो, ०.० च्या जवळ म्हणजे रोबोट वाटतो. मार्क कमी पडले की मग पुढे काय करायचं, चित्रं दाखवायची की ओटीपी मागायचा की सरळ बाहेर काढायचं, ते ती ती साईट ठरवते.

आणि दुकानदार हे उगाच करत नाहीत हो, तेही सांगतो. कुठल्यातरी भलत्याच साईटवरून चोरीला गेलेले ईमेल आणि पासवर्ड घेऊन चोर लोक ते शॉपिंगच्या साईटवर प्रोग्राम लावून हजारोंनी ट्राय करतात, कारण आपण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो. तुमचं नाव आणि जन्मसाल असलेला. हो, तुम्हीच. सेलला माल आला की तोच प्रकार, माणूस बोट लावायच्या आत बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सगळा स्टॉक उचलतात. म्हणून दारावर हा रखवालदार.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे हात थांबवा. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा करू नका, कारण भराभर परत परत ट्राय करणं, पान सारखं रिफ्रेश करणं हेच रोबोटचं लक्षण आहे आणि त्याने संशय वाढतच जातो. सेलच्या रात्री बारा वाजता हे फार होतं, सगळे एकदम तुटून पडलेले असतात आणि आपण पण बोटाने पान खाली ओढून ओढून रिफ्रेश करतो. पंधरावीस मिनिटं सोडून द्या, चहा घ्या, मग या.

दुसरं, नेट बदलून बघा. हे सगळ्यात जास्त चालतं आणि हेच कोणी करत नाही. मोबाईल कंपन्या काय करतात की एकाच आयपी ॲड्रेसमागे (नेटवरचा आपला पत्ता) शेकडो गिऱ्हाईकं बसवतात, कारण जुन्या पद्धतीचे ॲड्रेस जगात पुरे पडत नाहीत. आता त्या शेकड्यात एखादा उपद्व्यापी निघाला की साईटच्या नजरेत तो ॲड्रेसच वाईट, आणि आपण सगळे त्याच्याबरोबर गहू-किडे न्यायाने भरडले जातो. तेव्हा एअरप्लेन मोड चालू करा, दहापंधरा सेकंद थांबा, बंद करा, बरेचदा दुसरा ॲड्रेस मिळतो. नाहीतर मोबाईल डेटावर असाल तर वायफायला जा, वायफायवर असाल तर डेटावर या. कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलात किंवा शॅकवर कामाला असलेली पोरं माझ्याकडे येऊन सांगतात की तिथल्या वायफायवर प्रत्येक साईट चित्रं विचारते, अरे विचारणारच, त्या एका वायफायवर चाळीस टुरिस्ट आणि त्यातले निम्मे व्हीपीएन लावून बसलेले.

पावसात अजून एक मजा. सत्तरीच्या बाजूला कुठे आत राहत असाल तर रेंज येते जाते, वीज गेली की वायफायपण गेलं, आणि हे कॅप्चाचं पान अर्धवट लोड होऊन लटकतं. नऊपैकी पाच फोटो दिसतात, चार काळे. अशा वेळी उत्तर देऊच नका, खाली गोल बाणाचं चिन्ह असतं ते दाबून नवीन सेट मागवा, नाहीतर रेंज नीट येईपर्यंत ठेवून द्या.

व्हीपीएनचं वर आलंच, चावीचं चिन्ह दिसलं की बंद करा. पण फुकटच्या व्हीपीएनबद्दल अजून एक सांगून ठेवतो, त्यातले काही आणि ते "तुमचं रिकामं नेट वापरून पैसे कमवा" वाले काही ॲप तुमच्या फोनमधून दुसऱ्या अनोळखी लोकांचं ट्रॅफिक बाहेर सोडतात. म्हणजे करणारा कोणीतरी भलताच आणि पत्ता तुमच्या घरचा. घरातल्या सगळ्या फोनवर, लॅपटॉपवर, सगळ्याच साईट सारखी चित्रं विचारायला लागल्या तर शक्यता आहे की घरातल्या वायफायवर असला एखादा पाहुणा बसलाय. एकेक फोन बघा, अनोळखी ॲप काढा, राऊटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, आणि राऊटरचा पासवर्ड अजून ॲडमिन ॲडमिनच असेल तर तो बदला.

मग येतात ते फोन साफ करणारे क्लीनर ॲप. "तुमच्या फोनमध्ये ८०० एमबी कचरा" असं म्हणून जो कचरा काढतात त्यात कधी कधी कुकीजही जातात, आणि कुकीज म्हणजेच तुमची ओळख. साईटला त्या फोनमध्ये आपली जुनी खूण सापडली की ती म्हणते हां हा कालचाच माणूस. खूण पुसली की रोज नवीन माणूस, रोज नवीन परीक्षा. इनकॉग्निटो मध्ये, म्हणजे बंद केली की खुणा पुसणाऱ्या खाजगी विंडोत, शॉपिंग करणाऱ्यांचंही तेच होतं, दर वेळी अनोळखी. क्रोममध्येच किंवा कंपनीच्या ॲपमध्येच करा ना, लपवायचं काय आहे, चपलाच घेताय.

व्हॉट्सॲपवर कोणी ऑफरची लिंक पाठवली, किंवा इन्स्टावर ॲड दिसली आणि तिथूनच दाबलं, तर बरेचदा पान त्या ॲपच्याच आतल्या छोट्या ब्राऊझरमध्ये उघडतं. दिसायला सारखंच पण तिथे तुमच्या क्रोममधलं लॉगिन नसतं, कुकीज नसतात, म्हणून परत पासवर्ड, परत चित्रं. वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, तिथून ब्राऊझरमध्ये उघडा. त्यापेक्षा मी म्हणेन लिंकवरून लॉगिन करूच नका, ऑफर खरी असेल तर ॲप आपलं आपण उघडलं तरी दिसेलच. ह्यावर अजून खाली बोलू.

फोनची तारीख वेळ बघा. हसू नका. बॅटरी पूर्ण मेलेला जुना फोन चार्ज करून आणतात आणि त्यात तारीख कुठलीतरी जुनी असते, मग सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही आणि ते "तुम्ही माणूस आहात का तपासतोय" वालं चक्र गोल गोल फिरत राहतं. सेटिंगमध्ये जाऊन वेळ ऑटोमॅटिक वर ठेवा. ह्या फिरत्या चक्राच्या प्रकारात चित्रं येतच नाहीत, क्लाऊडफ्लेअर कंपनीचं टर्नस्टाईल नावाचं आहे, २०२२ ला आलं, ते मागच्या मागे ब्राऊझरचीच परीक्षा घेतं. चक्र संपतच नसेल तर तुमच्या उत्तराचा प्रश्नच नाही, ब्राऊझर अपडेट करा, कॉम्प्युटर असेल तर ॲड ब्लॉक करणारी एक्स्टेन्शन (ब्राऊझरला जोडलेली जादा सोय) त्या साईटपुरती बंद करा, ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट (पान चालवणारा कोड) कोणी बंद केलीय का बघा. आयफोनवाल्यांना एक सोय आहे, सेटिंगमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर दाबून साईन-इन अँड सिक्युरिटी मध्ये गेलात की ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन असतं, आयओएस १६ पासून, ते चालू असेल तर काही साईटवर फोनच परस्पर सांगतो की बाबा हा खरा आहे. बहुतेकांचं चालूच असतं.

एवढं करूनही चित्रं आलीच तर मग चित्रांकडे वळू.

चित्रं दोन तऱ्हेची असतात आणि लोक दोघांची गल्लत करतात. एकात नऊ वेगवेगळे फोटो, समजा बस शोधायची आहे. त्यात काही वेळा तुम्ही एक दाबला की तो विरतो आणि त्याच जागी हळूच दुसरा येतो. त्या नवीन आलेल्यात पण बस असली तर तोही दाबायचा, आणि बस असलेला एकही उरला नाही की मगच खालचं व्हेरिफाय. लोक काय करतात, पहिले तीन दाबले की घाईत व्हेरिफाय, नवीन आलेले बघतच नाहीत, मग म्हणतात बरोबर करून पण चुकलं. दुसऱ्या तऱ्हेत एकच मोठा फोटो सोळा तुकड्यांत कापलेला. तिथे प्रश्न पडतो की सिग्नलचा खांब म्हणजे सिग्नल की नाही, मोटारसायकलचं चाक बाजूच्या तुकड्यात नखभर आलंय ते धरायचं की सोडायचं. मी स्वतः खांब सोडतो, दिव्यांचा डबा तेवढा घेतो, आणि नखभर आलेलं सोडून देतो, चालतं. एखादा तुकडा इकडेतिकडे झाला म्हणून नापास होतंच असं नाही, तेव्हा त्याच्यावर पाच मिनिटं घालवू नका. आणि त्या गोष्टीचा एकही तुकडा नसेल तर खाली स्किप लिहिलेलं येतं, ते दाबायचं, उगाच एखादा निवडायचा नाही.

गोष्टी सगळ्या बाहेरच्या असतात हा एक वैताग. फायर हायड्रंट म्हणजे रस्त्याच्या कडेला असतो तो बुटका लाल-पिवळा नळ, आग लागली की बंबवाले त्याला पाईप जोडतात. आपल्या गावात कोणी बघितलाय? माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांना मी सांगून ठेवलंय की छोटा देवचार (आमच्याकडचा गावराखणा) दिसला की दाबा, त्यांना ते बरोबर लक्षात राहिलं. क्रॉसवॉक म्हणजे आपलं झेब्रा क्रॉसिंग, पांढरे पट्टे, हे म्हापशात पट्टे पुसट झालेले असतात पण असतात. पार्किंग मीटर म्हणजे खांबावर बसवलेला डबा, त्यात पैसे टाकायचे. चिमणी म्हणजे कौलारू छपरावरची धुरांड्याची विटांची चौकट. स्कूल बस पिवळी असते पण बस विचारली तर तीही बसच, आणि आपली कदंबा, गोव्याची सरकारी बस, असती तर तीही. मोटारसायकल विचारली तर स्कूटरपण घ्यायची, माझा अनुभव असा की घेतलेली बरी. टॅक्सी मात्र त्यांची पिवळी गाडी, आपला पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट त्यांना काय माहीत.

चौकोनातली टिक कधी मारायची ह्याचीपण एक गोम आहे. लोक पान उघडलं की आधी टिक मारतात, मग चष्मा शोधतात, मग पासवर्डची वही शोधतात. त्या टिकेचं आयुष्य दोनच मिनिटं असतं, त्यानंतर ती आपोआप उडते आणि लॉगिन दाबलं की "परत करा" येतं. तर आधी ईमेल, पासवर्ड सगळं भरून घ्या, शेवटी टिक, आणि लगेच लॉगिन.

वाकडी अक्षरं टाईप करायची असतील तर आधी कीबोर्ड बघा. मराठीत मेसेज लिहून झाल्यावर कीबोर्ड तसाच मराठीत राहतो आणि मग आकडा टाकायचा तो १२३ असा देवनागरी पडतो, तो बहुतेक ठिकाणी चालत नाही. कीबोर्डने स्वतःहून शब्द बदलला का, शेवटी एक स्पेस चिकटला का, हेही बघा. शून्य की ओ, एक की एल असा संशय असेल तर ओळखत बसू नका, दुसरं चित्र मागा.

तुकडा सरकवून खाचेत बसवायचा प्रकारपण आलाय. तो एका झटक्यात ओढू नका, सावकाश न्या, जरासं पुढे मागे झालं तरी चालेल, माणूस तसंच करतो. स्क्रीनवरची गार्ड फुटलेली असेल किंवा बोट ओलं असेल तर तुकडा मधेच सुटतो, मासळी साफ करता करता फोन घेणाऱ्यांनी हात पुसून घ्यावा.

डोळ्यांनी कमी दिसत असेल तर हेडफोनचं चिन्ह असतं, ते दाबलं की आवाज येतो आणि ऐकलेलं टाईप करायचं. पण ते इंग्रजीत आणि मुद्दाम खरखर घातलेलं, आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा काडीचा उपयोग नाही हे माझं स्पष्ट मत आहे. आणि तिथे जर "तुमच्या नेटवर्कवरून ऑटोमॅटिक क्वेरी येतायत" अशा अर्थाचं काही लिहून आलं तर फोन बिघडलेला नाही, वर सांगितलं तेच, नेट बदला नाहीतर नंतर या. घरच्या म्हाताऱ्यांसाठी खरा उपाय म्हणजे त्यांच्या फोनमध्ये एकदा कोणीतरी बसून कंपनीचं ॲप टाकून, लॉगिन करून ठेवायचं आणि परत परत लॉगआऊट करायचं नाही. जिथे पासकीची सोय आहे तिथे ती करून द्यावी, मग पासवर्डच नको, बोटाचा ठसा दिला की झालं. ॲमेझॉनने ती २०२३ च्या ऑक्टोबरपासून द्यायला सुरुवात केली.

आता ओटीपी. चित्रं पास झाली तरी साईट म्हणते की हा फोन नवीन आहे, ओटीपी पाठवलाय. आमच्या शेजारणीचा मुलगा दुबईला आहे. आईला चवथीला साडी पाठवायची म्हणून त्याने तिथून अकाऊंट उघडलं, देश वेगळा, फोन नवीन, साईटने लगेच अडवलं आणि ओटीपी पाठवला तो त्याच्या इथल्या सिमवर, आणि ते सिम आईच्या कपाटात, डब्यात, साखरेच्या बाजूला. बोटीवर असलेल्या तारवटी लोकांचं तर नेहमीचंच. बाहेरगावी जाणार असाल तर जाण्याआधी, इथे असतानाच, अकाऊंटमध्ये ईमेल पण जोडून ठेवा आणि ज्या फोनवरून तिकडे वापरणार त्यावर इथेच एकदा लॉगिन करा. तिकडे गेल्यावर सुचून उपयोग नाही, कारण नंबर बदलायला पण बरेचदा जुन्या नंबरचा ओटीपी लागतो.

जुना नंबर सोडला असेल तर तो अकाऊंटमधून आधी काढा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण नंतर देतात, आणि मग तुमचे ओटीपी दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर वाजतात.

ओटीपी आला नाही तर परत पाठवा, परत पाठवा असं चारदा दाबू नका. बहुतेक ठिकाणी नवीन पाठवला की जुना मरतो, आणि रेंज आली की चारही एकदम येतात, मग त्यातला कुठला चालू ते कळत नाही. सगळ्यात शेवटचा घ्यायचा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे मेसेजपण बंद होतात हे बघा, मेसेजच्या स्पॅम फोल्डरमध्ये बघा. नको असलेले कॉल बंद करायला डीएनडी लावला असेल तर त्याने ओटीपी अडत नाही, तो संशय काढून टाका.

आणि "मुंबईतून कोणीतरी लॉगिन करतंय" असा मेल आला की लोक घाबरून धावत येतात. मोबाईल नेटवर्कच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये आहे, आणि आयपीवरून काढलेली जागा अंदाजे असते, त्यामुळे डिचोलीत बसून तुम्ही मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकता. मेलमधली वेळ बघा. तुम्हीच त्या मिनिटाला लॉगिन करत होता तर ते तुम्हीच. झोपेत असताना आला तर मात्र तो मेल बंद करून ॲपमधून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआऊट करा.

आता जे खरं महत्त्वाचं. खोटे कॅप्चा निघालेत. दिसायला अगदी तसेच, तोच चौकोन, तीच टिक. टिक मारली की लिहून येतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. हे म्हणजे तुमच्याच हाताने तुमच्या कॉम्प्युटरला चोराचा हुकूम द्यायला लावतात. टिक मारताना त्यांनी तो हुकूम मागच्या मागे कॉपी करून ठेवलेला असतो, तुम्ही फक्त चिकटवून एंटर मारता आणि ब्राऊझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले. २०२४ पासून हे फार वाढलंय. माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर एका कॉलेजच्या पोराने तिसऱ्या बटणापर्यंत मजल मारली होती, एंटर राहिलं होतं, मी ओरडलो म्हणून वाचलं. खरा कॅप्चा ब्राऊझरच्या पानाच्या बाहेर कधीच काही करायला सांगत नाही. कीबोर्डची जोडबटणं नाही, फाईल डाऊनलोड नाही, ॲप टाकणं नाही, कार्ड नंबर नाही, यूपीआयचा पिन नाही.

त्याचा धाकटा भाऊ म्हणजे "रोबोट नसाल तर अलाऊ दाबा". ते अलाऊ नोटिफिकेशनचं असतं. दाबलंत की दिवसरात्र फोनवर व्हायरस आला, लॉटरी लागली असल्या पाट्या येत राहतात. दाबून बसला असाल तर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथली ती अनोळखी साईट ब्लॉक करा. फोन फॉरमॅट करायची गरज नसते, काही दुकानवाले तेवढ्यासाठी पैसे घेतात.

लॉगिन होत नाही म्हणून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं, हे तर करूच नका. वरती येणाऱ्या नंबरांत चोरांनी टाकलेले नंबर असतात, ते गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतात आणि मग ओटीपी त्यांना तुमच्या आधी दिसतो. मदत हवी तर कंपनीच्या ॲपमध्ये हेल्प असतं तिथूनच. आणि पैसे गेलेच तर घरी कोण काय म्हणेल ह्याचा विचार न करता १९३० ला ताबडतोब फोन, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. साईटपण आहे, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन.

आपोआप कॅप्चा सोडवून देणाऱ्या एक्स्टेन्शन मिळतात म्हणून काही हुशार पोरं सांगतात. नको. तिला तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी देता, पासवर्डच्या पानासकट, आणि साईटने ओळखलं तर अकाऊंटच बंद.

अकाऊंट लॉक झालं असेल तर मात्र २४ तास हात लावू नका, बऱ्याच ठिकाणी त्यानंतर आपोआप उघडतं. नाही उघडलं तर पासवर्ड विसरलो वाल्या रस्त्याने जा, तोही ज्या फोनवरून आणि ज्या वायफायवरून तुम्ही नेहमी ऑर्डर करता तिथूनच. शेजाऱ्याच्या नवीन लॅपटॉपवरून केलंत तर संशय अजून वाढेल. जुन्या ऑर्डरचा नंबर, बिलाचा मेल असं काही हाताशी ठेवा, मदतवाले तेच विचारतात.

आणि माझ्यासारख्याच्या दुकानात येऊन कॉम्प्युटरवर लॉगिन केलंत तर पासवर्ड सेव्ह करू का विचारल्यावर नको म्हणा आणि उठताना लॉगआऊट करा. गेल्या चवथीत एक दादा तसेच उठून गेले, फोन लावायला नंबर पण ठेवला नाही. दोन दिवसांनी आले, तोपर्यंत मीच लॉगआऊट केलेलं. आता कार्टात ठेवलेले तीन पंखे गेले म्हणून माझ्यावर चिडले. कार्ट अकाऊंटमध्ये असतं हो, परत लॉगिन करा, तिथेच असेल म्हटलं. लॉगिन करायला बसले, तर समोर नऊ फोटो.